पिवळा थर

लातूरच्या गंजगोलाईत महेबूबभाईंचं चष्म्याचं दुकान. चाळीस वर्षं त्यांनी एकच नेम पाळला होता : मळकी काच कुणाच्या हाती द्यायची नाही. कुणी नुसती वेळ विचारायला आलं, तरी त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायचे, पुसून द्यायचे, मग वेळ सांगायचे. लेक हुमा लहान असताना तिला मांडीवर घेऊन भिंगातून उन्हाचा ठिपका पाडून दाखवायचे. म्हणायचे, "उजेड काचंतून नुसता जात न्हाई बेटा, काम करत जातो."

हुमा त्या वाक्याच्या मागे लागली ती थेट संशोधनापर्यंत. लातूरच्याच एका कॉलेजात ती कोमट द्रावणात काचपट्ट्या टांगून ठेवायची. काही तासांनी त्यांवर अर्धवाहकाचा पिवळा थर चढायचा, केसाहूनही कित्येक पट पातळ. त्यावर उजेड पडला की त्यातून वीज जास्त वाहते, सावली पडली की कमी. तिला असा थर हवा होता, की दिव्याच्या वातीएवढा उजेडही ओळखेल. तीन वर्षांत तशी खेप एकदाच उतरली. आठ पट्ट्या. मोजायचं यंत्र नांदेडला होतं. चार महिने थांबल्यावर सोमवारची तारीख मिळाली. शिष्यवृत्ती त्याच महिन्यात संपत होती. मोजणी चांगली आली तरच वाढणार होती.

रविवारी तिनं डबी घरी आणली. या काचा उद्या नांदेडला मोठ्या साहेबांना दाखवायच्या आहेत, त्यांच्यावर सगळं अवलंबून आहे, एवढंच अब्बांना सांगितलं. दुपारी तिचा डोळा लागला.

महेबूबभाईंनी कौतुकानं डबी उघडली. आठही काचा हळदीचा हात लागल्यासारख्या पिवळ्या. मोठ्या साहेबांपुढं पोरगी असल्या काचा नेणार? त्यांनी भिंगं घासायच्या नमद्याचा, जाड लोकरी कापडाचा, तुकडा घेतला, लाल पॉलिश लावलं आणि एकेक काच अशी घासली, की हातात आहे की नाही ते कळू नये. पोरगी चकित होईल म्हणून बोलले मात्र नाहीत.

सोमवारी पहाटे डबी न उघडताच नांदेडला गेलेली हुमा मंगळवारी परतली. नमुने जमले नाहीत, म्हणाली.

"काचंत खोट नव्हती बेटा," महेबूबभाई म्हणाले. "मी सोता चकाचक केल्या होत्या."

तिनं डबी पिशवीतून काढून फळीवर ठेवली. मग "हाव अब्बा" म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

शिष्यवृत्ती गेली. तशी खेप पुन्हा जमवायला ना दिवस उरले, ना प्रयोगशाळेत जागा. हुमा किल्लारीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. महेबूबभाई मात्र येईल त्या गिऱ्हाइकाला चार वर्षं सांगत राहिले, की नांदेडचं यंत्रच बिघडलेलं असणार. माझ्या पोरीच्या काचा तर आरशासारख्या होत्या.

यंदा शाळेत प्रदर्शन होतं. हुमा अब्बांना सोबत घेऊन गेली. कॉलेजातून मागून आणलेली तसलीच एक पट्टी तिनं तारा जोडून उन्हात ठेवली. मीटरचा काटा उठला. वर हात धरला, काटा बसला. पोरं पुन्हा पुन्हा करायला लावत होती. सातवीतली शिवगंगा म्हणाली, "मॅडम, लई पिवळी पडलीय. पुसू का ओढणीनं?"

"नको गं. तो पिवळेपणा म्हणजेच आपला थर. पुसला की राहती ती नुसती काच."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, मागच्या बाकावर अब्बा आहेत.

महेबूबभाई स्वतःच्या बोटांकडं बघत होते. पोरं पांगेपर्यंत ते तसेच बसून राहिले. ती जवळ आली तेव्हा म्हणाले, "आठच्या आठ पुसल्या मी. तू बोलली का न्हाईस?"

"मी बोलायला हवं होतं ते त्या रविवारी, अब्बा. काचेवर काय हाय ते. नंतर सांगून काय?"

परतीच्या जीपमध्ये ती त्यांचा हात धरून बसली होती. तो हात त्यांनी काढून घेतला नाही, पण तिचा हात धरलाही नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे शंकरप्पा वेळ विचारायला आले आणि सवयीनं चष्मा काढून पुढं केला. महेबूबभाईंनी तो उन्हात धरला. दोन्ही काचांवर बोटांचे ठसे होते.

साडेअकरा झालेत, ते म्हणाले, आणि चष्मा तसाच परत दिला.