मोहाखालचा माणूस

लियाकत पेंटरने भागीरथाच्या कागदावर दोनच फटकारे मारले आणि सगळं बिघडवून ठेवलं. तिने काढलेलं झाड जरा कललं होतं. तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवलेल्या हाताला ते बघवलं नाही, त्याने बुंध्याला सावली देऊन झाड सरळ केलं. भागीरथाने ब्रश खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"भाऊ, तुमाले किती डाव सांगतलं, त्यायच्या चित्राले हात लावाचा नाई म्हून," समुपदेशक साक्षी त्याला बाहेर नेऊन म्हणाली.

"हाताची सवय हाय न बाई. जात नाई."

वाघाने ज्यांची माणसं नेली, अशा बायांना दर मंगळवारी आरमोरीच्या दवाखान्यात रंग देऊन बसवायचं काम साक्षीने त्याच्या गळ्यात घातलं होतं. लियाकतला आधी हसूच आलं होतं. पण त्या बायांचं बघूनबघून त्याच्याच पडद्यावरचं गुळगुळीत निळं आभाळ बदललं, ढग जरा खरे वाटू लागले. भागीरथाचा नवरा मुखरू चैत्रात मोहफुलं वेचताना गेला. तेव्हापासून ती कोणाशी बोलत नव्हती. सहा महिन्यांत तिने आपणहून केलेलं पहिलं काम म्हणजे ते झाड, आणि लियाकतने तेच हिसकावून घेतलं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

पुढचे दोन मंगळवार तिने ब्रशला बोटही लावलं नाही. तिसऱ्या मंगळवारी लियाकतने वडशाच्या नाटक कंपनीसाठी रंगवलेला जंगलाचा पडदा आणून दवाखान्याच्या हॉलमध्ये अंथरला.

"बाई, मी तुमच्या झाडाले हात लावला. लय चुकलं माह्यं. आता हे माह्यं जंगल. तुमाले वाटन ते करा."

पडदा दोन दिवसांनी कंपनीला द्यायचा होता. भागीरथा उठून पडद्यावरच्या मोहाच्या झाडापाशी आली.

"मोहाखाली असा पाला नाई रायत," ती म्हणाली. आवाज खरखरीत झाला होता. "फुलं पडाच्या आंधी झाडून, जाळून साफ करा लागते. नाई तं फुलं दिसतीन कशी?"

लियाकतने मातीचा रंग कालवून दिला. तीस वर्षं तो मोहाखाली पाला रंगवत आला होता. तिने जमीन साफ केली, पिवळसर फुलं टाकली. मग बोटभर उंचीचा एक माणूस काढला, ताठ उभा.

"फुलं वेचून नाई राह्यला का तो?" लियाकतने हळूच विचारलं.

"वाकला तं वाघाले जनावर वाटते." तिने ब्रश त्याच्याकडे दिला. "उभाच राहू द्या त्याले."

वडशाला मॅनेजर प्रफुलने पडदा टांगून पाहिला. "लियाकतभाई, हा कोन? खेळात असा मानूसच नाई. मारा हिरवा रंग."

लियाकतने आजवर मॅनेजरचा शब्द मोडला नव्हता. "पाह्यजे तं अख्खं जंगल नवं करून देतो," तो म्हणाला. "पन तो मानूस रायल."

प्रफुलने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मंडपाच्या मागच्या टोकापर्यंत चालत गेला. "राहू द्या," तो तिथून ओरडला. "इथून दिसत बी नाई."

लियाकत स्टेजवर चढला आणि त्या माणसाशेजारी थोडा वेळ उभा राहिला.