घरबसल्या प्रशिक्षण

अर्लीनच्या घरात सगळे खूश झाले, ती मात्र हिरमुसली. नॅशनल गार्ड या अमेरिकेच्या अर्धवेळ सैन्याचं सार्जंटपदासाठीचं पंधरा दिवसांचं शिबिर यंदा छावणीत नव्हतं. घरबसल्या, कॉम्प्युटरवर होतं.

"चला, सरकारलाही बायकांची दया आली म्हणायची!" सासूबाई ग्लेन्डा ओव्हनमध्ये बटाटे-खिम्याच्या हॉटडिशचं भांडं सरकवत म्हणाल्या.

दया कसली! विस्कॉन्सिनमधल्या त्या गोठ्यातून, जुळ्या पोरांतून, सासूबाईंच्या दुखऱ्या गुडघ्यांतून अर्लीनची सुटका व्हायची ती अशा शिबिरांतच. तिथे चिखलात सरपटायचं, पहाटे कुणीतरी अंगावर ओरडायचं. पण "मॉम, माझा मोजा कुठाय?" असं नाही ओरडायचं. आणि सरकारी हुकूम म्हटल्यावर "जाऊ का?" असं कुणाला विचारावंही लागत नसे.

नियम तिला पाठ होता: कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत तीनदा नापास झालेल्याला छावणीत जावंच लागतं. दोनदा ती मन लावून नापास झाली.

"अगं, नकाशा तुला वाचता येत नाही?" नवरा रॉस चकित झाला. "हरणांच्या शिकारीत मी वाट चुकलो, तेव्हा मला शोधून आणलं कोणी?"

"स्क्रीनपुढे डोकं चालत नाही रे माझं."

रविवारी दुपारी तिनं तिसऱ्यांदा परीक्षा उघडली, तोच अंगणातून पोरं ओरडली, "मॉम! वासरू सुटलं!"

वासरू पकडून, चिखलानं माखून ती परतली, तर खुर्चीत रॉस आणि त्याच्यामागे चष्मा लावून ग्लेन्डा. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत अभिनंदन.

"अठ्ठ्याण्णव!" रॉस उठून उभा राहिला. "तुझं ते जाडं पुस्तक आठवडाभर ट्रॅक्टरवर बसून वाचलं गं. तुझी ओढाताण बघवेना."

"नकाशाचं एक उत्तर माझं हं," ग्लेन्डा म्हणाल्या.

अर्लीननं मनातल्या मनात हिशेब केला. परीक्षा मी दिलीच नाही असं वर कळवावं, तर पद जाईल, रॉसही गोत्यात येईल. मला तुमच्यापासून लांब जायचं होतं असं सांगावं, तर... रॉसच्या बोटांना अजून ग्रीस लागलेलं होतं.

"रडतेस काय, वेडे?"

"आनंदानं रे."

"बरं झालं बाई," ग्लेन्डा म्हणाल्या. "गवत कापणीला आता तू आहेसच. आणि ती पलंगाखालची हिरवी बॅग रिकामी कर, पोरांचे थंडीचे कोट ठेवते त्यात."

ती बॅग अर्लीननं छावणीत न्यायला मे महिन्यातच भरून ठेवली होती.

"उद्या करते," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.