चौथी ट्रॉली

"माय, हे बंद नाही होत. कालपासून सांगून राह्यलो. नाही होत म्हंजे नाही होत."

देवीलालनं काड्यापेटीएवढा ड्रॉवर माझ्या तळहातावर ठेवला आणि कपाळाचा घाम पुसला. असा पुसला, जसा काही दिवसभर सागाचे ओंडकेच कापले होते.

"माह्या घरचे दारं तूच बसवले न? ते तरी कुठं बंद होतात?" मी म्हटलं. "पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात खडखडतात. अन् आता हे बोटभर लाकूड बी तुले ऐकत नाही."

"दाराले रंधा मारता येते माय. याले रंधा दावला त सारं रंध्यातच जाईन."

तो खरं बोलत होता. खरं बोलणाऱ्याचा मला जास्त राग येतो.

आमच्या पांढरकवड्याच्या घरात, समोरच्या खोलीत, पाटावर ते किचन मांडलेलं होतं. हातभर लांब. बाहुलीचं. काळ्या सनमायकाचा ओटा, त्याच्यावर टांगलेली कपाटं, खाली चार ट्रॉल्या, बाजूला फ्रिज. तीन ट्रॉल्या लोण्यातून सुरी जावी तशा आत जायच्या. चौथी मात्र ज्वारीचा दाणा जाईल एवढी फट ठेवूनच थांबायची. घासली, मेण लावलं, काढून परत चिकटवली. फट तशीच.

"राहू दे न माय," देवीलाल म्हणाला. "खेळण्यातलं त हाय. कोण पाह्यते?"

"खेळण्यातलं नाही हे," मी म्हटलं. "उत्तर हाय."

त्याला कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. प्रश्न त्याला कुठं विचारला होता?

प्रश्न विचारला होता रत्नप्रभाबाईंनी. माझ्या नातीला, गुंजनला, बघायला वणीहून आल्या तेव्हा. मुलगा श्रेयस, ऑफिसात नोकरी, बोलायला मऊ. पोरांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं, आम्ही नुसतं पोहे खायला जमलो होतो. पोहे झाले, चहा झाला, आणि बाईंनी पदर सारखा करत म्हटलं, "आमचं काही मागणं नाही हो. आम्ही त्यातले नाही. फक्त किचन तेवढं तुमच्या हौशीनं करून द्या. आजकाल मुलींनाच आवडतं ना, ट्रॉल्या वगैरे."

मागणं नाही आणि किचन तेवढं! मागायचं तर माणसानं सरळ हात पसरावा. हात मांडीखाली ठेवून मागणारी माणसं मला सहन होत नाहीत.

माझा मुलगा नंदकिशोर पंप दुरुस्त करतो. मोटर जळालेली असो की विहिरीत पडलेली, तिथं वाघ. माणसांसमोर मात्र त्याची मान आधी हलते, डोकं मागून चालतं. ती हलायला लागलीच होती. मी मधेच म्हटलं, "किचन मी देईन. माह्या हातानं करून देईन."

मग बाई हसल्या. "बघा, आजी किती हौशी!" आणि हसताना त्यांनी माझ्या पाटल्यांकडे पाहिलं. कुठं पाहिलं ते मी पाहिलं. सून संगीतालाही वाटलं की पाटल्या निघाल्या. वाटू दे म्हटलं.

मी रुखवताचा विचार करत होते. मांडवात टेबल लागतं, त्याच्यावर लाडू-करंज्या, विणलेली तोरणं, कापसाच्या बाहुल्या मांडतात, आणि नवऱ्याकडची सगळी मंडळी बघायला येतात. त्या टेबलाच्या मधोमध मी किचन ठेवणार होते. हातभर. मागितलं होतं ना? घ्या. मला तोंड उघडायची गरजच पडणार नव्हती.

पण टिंगल करायची तर ती नीट करावी लागते. बाजारात प्लास्टिकचं किचन मिळतं, गुलाबी. गुलाबी शेगडी कोणाच्या घरी असते? ते ठेवलं असतं तर माझंच हसं. गुंजननं मोबाईलवर बाहेरदेशचं एक दाखवलं, अगदी खऱ्यासारखं, पण त्या पैशात खरीच शेगडी आली असती. मग बसले घरात जे होतं ते घेऊन.

बेसिन माझ्या बीपीच्या गोळ्यांच्या चंदेरी कागदाचं, चमच्याच्या पाठीनं घासून घासून. नळ वाकवलेल्या सेफ्टी पिनचा. शेगडीला ब्लाउजची टिचबटनं. मिक्सरचं भांडं डोळ्यांच्या औषधाची बाटली कापून. फ्रिजचं दार चिकटायला चुंबक हवं होतं, ते संगीताच्या पर्समधून काढलं. तिला विचारलं नाही. तिनंही काही विचारलं नाही, आठवडाभर नुसती उघडी पर्स घेऊन फिरली आणि माझ्याकडे बघत राहिली.

सोपं काहीच नव्हतं. पहिला फ्रिज कपाटासारखा दिसायला लागला. दुसऱ्याचा रंग ओघळला. मिक्सर केला तर देवळाचा कळस झाला. शेगडीवर धुराची चिमणी लावली आणि नंदकिशोर कामावरून आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "आई, हे काय, कूलर हाय का?"

मी ती चिमणी उचलून अंगणात फेकली. नंतर कंदील घेतल्यासारखी वाकून वाकून तीच शोधली, कारण तेवढा पातळ पत्रा दुसरा नव्हता. गुडघे असे बोलले की शेजारणीनं ऐकलं असेल. बोटांना तो डिंक असा बसला की भाकरी थापताना पिठाला चिकटायचा. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा अजून धुरकट. सुईत दोरा ओवणं सोडून दिलेली बाई मी, आणि तिळाएवढ्या मुठी ट्रॉल्यांना बसवत होते.

गुंजन नर्स आहे. ड्युटीवरून आली की हात धुऊन मला चहा द्यायची आणि पाटाकडे बघायची नाही. लग्नाआधीच्या आठवड्यात मात्र ती येऊन समोरच बसली.

"आजी, तू हे टोमणा म्हणून करून राह्यली न?"

"हो. मंग काय आरती म्हणून?"

"मले समजलं, आईले समजलं. त्यायले बी समजन."

"समजावंच म्हणून त करून राह्यली."

"तू टोमणा मारून पांढरकवड्याले वापस येशीन," ती म्हणाली. "मी तथीच राहीन."

माझ्याकडे उत्तर नसतं असं कधी होत नाही. तेव्हाही होतं. पण ओठांत धरलेली ट्रॉलीची मूठ पडली असती, म्हणून बोलले नाही.

तिनं बाजूची बाहुली उचलली. जत्रेतली, कडक, न वाकणारी. मी तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं. ती तिनं ओट्यासमोर उभी केली.

"बरोबर कमरेले लागते," गुंजन म्हणाली.

"लागनच. बोटानं मोजून केला. टेपचे आकडे मले समजतात, पटत नाही."

"त्यायच्या घरचा ओटा मांडीले लागते माह्या. सासूबाईच्या सासूच्या वेळचा हाय, बुढी ठेंगणी होती म्हणे." आणि कप उचलून आत गेली.

मी चौथी ट्रॉली पुन्हा काढली. तिला वाटलं असेल मी ऐकलं नाही.

लग्नाच्या दिवशी चौथी तशीच होती. मी ती बाजू थोडी भिंतीकडे वळवली आणि किचन टेबलाच्या मधोमध ठेवलं. वर कपाटात डाळ-तांदूळ भरलेले शिशीच्या झाकणाएवढे डबे. लाल सिलिंडर. फ्रिज उघडला तर आत मक्याच्या दाण्याचं लिंबू. ओट्यासमोर हिरव्या लुगड्यातली बाहुली. मग खुर्ची ओढून मी समोरच बसले. बाईंचा चेहरा पडताना मला जवळून पाहायचा होता.

आल्या. भरजरी शालू, मागं दहा-बारा बाया. वाकल्या. फ्रिज उघडला. झाकला. परत उघडला.

"अगं बाई! लिंबू बघा लिंबू!"

झालं. बाया तुटून पडल्या. कोणी मोबाईल काढला, कोणी पोरांना उचलून दाखवलं. "हातानं केलं? या वयात?" "आमच्याकडे एवढी हौस कोणाला हो!" वणीच्या एका काकूनं तर मला वाकून नमस्कार केला. आणि रत्नप्रभाबाई माझा हात हातात घेऊन उभ्या, फोटोसाठी. मी चापट मारायला गेले होते. त्यांनी तिचा हार करून गळ्यात घातला.

गर्दी पांगल्यावर माझ्या कानाशी आल्या. "मोठं मागून येतंय ना, आजी?"

"नाही येत. हेच हाय."

"तुम्ही पण ना!" असं म्हणून त्या हसल्या आणि माझ्या खांद्यावर टपली मारून अक्षता घ्यायला गेल्या.

दिवाळीनंतर मी वणीला गेले. नंदकिशोर गाडीवर सोडून पुढं एका पंपाच्या कामाला गेला. वणीत कोळसा जमिनीतून निघतो आणि मग सगळ्यांच्या घरी जातो. दाराच्या कडीवर, तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या धोतरावर काळी बारीक पूड. पायरीवर पाय ठेवला तर पायाचा ठसा.

पुढच्या खोलीत काचेचं नवं शोकेस. आत माझं किचन, आणि वर छोटा दिवासुद्धा.

"कोणालाच हात लावू देत नाही मी," रत्नप्रभाबाई सांगत होत्या. शेजारची एक बाई खास बघायला आलेली. "रोज काच पुसते. इथं धूळ किती! पण आत एक कण नाही."

मी पाणी पिऊन आत गेले. गुंजन पोळ्या लाटत होती. ओटा तिच्या मांडीला लागत होता. ड्युटीवरून आलेली, तो पांढरा ड्रेस अजून अंगावर, डावा हात कमरेवर, आणि पाठ अशी वाकलेली की मला तिची उंची आठवेना. कपाट एकही नाही. डबे एका फळीवर, आणि फळी विटांवर.

मी वळलेच पुढच्या खोलीकडे.

"आजी." लाटणं तिनं खाली ठेवलं. "भांडू नको."

"काहून नको? काचेत ठेवते खेळणं अन् पोरीले—"

"हळू बोल. हा ओटा पाडणार हाय मी. मिस्त्री पाहून गेला. कमरेएवढा घेणार, खाली ट्रॉल्या. माह्या पगारातून. श्रेयसचे बी थोडे."

"अन् सासू? तिले चालते?"

गुंजननं तव्यावरची पोळी उलटली. "त्यायले वाटते हे पैसे तू पाठवले."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हळू बोलायचं विसरले.

"मी पाठवले? मी! अवं, मग मी एवढं डोळे फोडून केलं ते कायले? साऱ्या गावाले सांगतीन त्या, मागितलं अन् भेटलं. माह्यं उत्तर गेलं न चुलीत!"

"तुह्या उत्तरानं माह्यी पाठ सरळ नाही होत, आजी."

ती रागानं बोलली नाही. पेशंटला सांगतात तशी बोलली, सुई थोडी टोचेल म्हणून. मग परत वाकली.

"मी खरं सांगन तिले," मी म्हटलं.

"सांग. मंग त्या ओटा पाडू देणार नाही. तुह्या हातात हाय."

मी पुढच्या खोलीत आले. शेजारीण अजून होतीच. रत्नप्रभाबाई उठल्या, मला खुर्ची दिली आणि तिच्याकडे वळून म्हणाल्या, "बघा, आजी म्हणत होत्या हेच आहे, हेच आहे. पण शेवटी मोठ्या किचनचे पैसे पाठवलेच त्यांनी. न मागता. माणसं अशी असावी लागतात."

शेजारीण माझ्याकडे कौतुकानं बघत राहिली. आतून लाटण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. या जिभेनं तहसीलमधल्या साहेबाला खुर्चीतून उठवलंय, सख्ख्या दिराला दारातून परत पाठवलंय.

"हं," मी म्हटलं.

आत लाटणं परत सुरू झालं.

"काच उघडता का जरा?" मी विचारलं.

बाईंनी किल्ली आणून उघडली. खरंच आत कण नव्हता. बाहुली ओट्यासमोर ताठ उभी होती, हिरव्या लुगड्यात, जशी मी ठेवली तशी. मी बोट घालून चौथी ट्रॉली आत ढकलली. फट राहिली. एवढ्या दिवसांत लाकूड आक्रसलं असेल असं वाटलं होतं. अजून एकदा ढकलली.

"राहू द्या ना, दिसत नाही ते," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

मी हात काढला. बोटाला थोडी काळी पूड होती, येताना दाराच्या कडीची लागलेली. ती पदराला पुसली आणि त्यांना काच लावून घेऊ दिली.