मंगळावर गेलेली छबू

महिन्याच्या शेवटच्या बाजाराला सारंगखेड्याच्या वाचनालयाच्या ओट्यावर सभासद जमायचे आणि ज्याने त्याने महिनाभरात काय वाचलं ते सांगायचं, अशी रीत होती. शेवट मात्र कोणी सांगायचा नाही. ज्याला शेवट हवा, त्याने पुस्तक घरी न्यावं. आमचे हे त्या ओट्यावरचे मोठे वाचक. विज्ञानाच्या आणि अद्भुताच्या गोष्टी ऐकाव्यात तर यांच्याच तोंडून, असं लोक म्हणत.

आणि या माणसाने जन्मात एक पुस्तक पुरतं वाचलं असेल तर शपथ! वाचायची मी. हे जेवायला बसले की ताटापुढं बसून मी सांगायची, आणि हे तेच ओट्यावर हातवारे करत सांगायचे. बायकांनी ओट्यावर चढायचं नाही, असं कुठं लिहिलं नव्हतं, पण कोणी चढत नसे.

त्या महिन्यात तीन पुस्तकं आली. एकात माणूस चंद्रावर जातो, एकात समुद्राच्या तळाशी, एकात अदृश्य होतो. आणि तिन्हींत बायको काय करते? दारात उभी राहून डोळे पुसते. माझं डोकंच फिरलं. मी त्या तिन्हींच्या जोडीला माझी एक गोष्ट चौथं पुस्तक म्हणून यांना सांगितली. तापी आटते, तेव्हा छबू नावाची बाई विमान बांधून मंगळावर पाणी आणायला निघते. तिचं विमान मंगळावर उतरतं, तिथवर सांगून मी थांबले. यांना काही कळलं नाही, कारण पुस्तकं उघडायची सवयच नव्हती.

छबूने ओटा गाजवला. वाचनालय सांभाळणारे रूपचंदभाऊ म्हणाले, हे पुस्तक आपल्या कपाटात कसं नाही? यांनी ऐटीत सांगितलं, माझं स्वतःचं आहे, उद्या आणतो. घरी येऊन सगळे कोनाडे धुंडाळले.

"छबूनं पुस्तक कोठे शे?"

"मन्हा डोकामा शे."

मला वाटलं, माझ्या डोक्यात म्हटल्यावर हे हसतील. उद्या जाऊन सांगतील, गोष्ट माझ्या बायकोने रचली. मला एवढंच हवं होतं, दुसरं काही नको होतं.

"बायकोनं नाव लोकस्मा कसं लेऊ? लोके हासतीन," हे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर सांगून आले की पुस्तक तापीत पडलं. लोक त्या पुस्तकासाठी हळहळले! मी जिवंत घरात बसलेली, आणि हळहळ कशाची, तर नसलेल्या पुस्तकाची. रूपचंदभाऊंनी ठरवलं, पुस्तकच उरलं नाही तर रीत मोडू, पुढच्या महिन्याला शेवट सांगा.

मग हे रोज ताटावर शेवट मागू लागले.

"मन्हं नाव ल्या, शेवट ल्या," मी म्हणायची. महिना तसाच गेला, ना यांनी नाव घेतलं, ना मी शेवट दिला.

शेवटच्या बाजाराला मी ओट्यासमोर हलीमाच्या दुकानात बांगड्या भरायला बसले होते. माझी गोष्ट पुरती ऐकलेली ती एकटीच. यांचा आवाज ऐकू येत होता. मंगळावर छबू घाबरून रडायला लागते, नवरा तिला शोधत येतो, ती त्याच्या पाया पडते. घरी आल्यावर विमान फोडून चुलीत घालते आणि भाकरी थापते.

ओट्यावर "वा, वा!" झालं.

"भाभी, इतलं खोटं?" हलीमा म्हणाली.

माझ्या अंगाचा भडका उडाला. एक हात भरलेला, दुसरा रिकामा, तशीच उठले आणि ओट्यावर चढले. नवऱ्याचं नाव बाई घेते ती उखाण्यात, तेही लाजत. मी उखाण्याशिवाय घेतलं.

"चुडामण पाटील, छबू परत उनी नही! ती मी रची शे, माले ठाऊक शे."

कोणी हसलं नाही. हे खाली बघत राहिले. रूपचंदभाऊंनी जरा सरकून जागा केली.

"मंग काय व्हयनं, बाई?"

मी बसले आणि सांगितलं. छबूने मंगळावरून खाली पाट काढला. आता ती तिथंच बसून असते, पाणी कोणाकोणाच्या शेतात पोचलं ते बघत, आणि घरून कितीही हाका आल्या तरी उठत नाही.