काचेवरची नाकं

"हात काढा, सायन्सबाई. आत्ताच पुसलंय तिथं."

मी हात काढला. मत्स्यालय उघडायला पाऊण तास होता आणि मोठ्या टाकीसमोर आम्ही दोघीच होतो. मी वही घेऊन, मावशी फडकं घेऊन. वहीत मी लिहिलं, 'तोंड उघडं, कल्ले फाकलेले. धाप. आज तिसऱ्यांदा.'

ही धाप आजोबांची. आजोबा म्हणजे आमचा हेकरू, चार फूट लांब, जाड ओठांचा, कायम नुकतंच कुणीतरी झोपेतून उठवल्यासारखा चेहरा असलेला मासा. दोन महिने तो खडकावर अंग घासत होता. कुशीवरचे खवले निघून लाल चट्टे पडले होते, खाणं निम्म्यावर आलं होतं, औषधांचा उपयोग झाला नव्हता. सोमवारी पशुवैद्य येणार होते, आणि सुधारणा नसेल तर जनावराचे हाल लांबवायचे नाहीत, असं साहेबांनी मला सांगून ठेवलं होतं. आज शनिवार होता.

मावशींना मी हे बोलले नव्हते. त्यांना ते माहीत होतं. फडकं घेऊन फिरणाऱ्या माणसापासून इमारतीत काही लपत नाही.

एकोणीस वर्षं त्या ही काच पुसत होत्या. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून लेक मागे लागली होती, आता पुरे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, की आजोबा अजून कामावर आहेत आणि मी घरी बसले तर बरं दिसेल का? गंमत म्हणजे टाकीच्या आत त्या कधीच बघत नसत. का, ते मी एकदा विचारलं होतं.

"आत बघितलं की डाग दिसत नाहीत. नजर काचेवरच ठेवावी लागते."

आजोबा त्यांच्या ओळखीचे होते ते पलीकडून सरकणारी मोठी सावली म्हणून.

फडकं पिळता पिळता त्या म्हणाल्या, "दगड तुम्ही तिकडं नेलात, पण नाकं अजून इथंच लागतात."

"कसली नाकं?"

"पोरांची. जिथं गंमत दिसते तिथं काचेला नाक लावतात. पूर्वीही ठसे या तिसऱ्या बोल्टाखाली, आताही इथंच. तुमच्या नव्या कोपऱ्यात काच लख्ख. तिथं मी एक दिवसाआड पुसते. साहेबांना सांगू नका."

दगड मीच तीनेक महिन्यांपूर्वी हलवायला लावला होता. टाकीच्या मधोमध तो टेंगळासारखा दिसायचा, मागचं प्रवाळ झाकायचा. पाणबुड्याने तो उजव्या कोपऱ्यात नेला आणि त्याच्याबरोबर त्याखाली राहणारा बोटभरही गेला. बोटभर हा निळसर अंगाचा, काळ्या पट्ट्याचा सफाई मासा. इतरांच्या खवल्यांतले, कल्ल्यांतले किडे टिपून तो पोट भरतो. मोठे मासे त्याच्यापुढे स्वस्थ उभे राहतात, त्याला तोंडातही शिरू देतात आणि गिळत नाहीत. यावर मी परीक्षेत दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. बोटभर टाकीत आहे, म्हणजे सफाई चालू आहे, असं मी धरून चालले होते.

मी वही चाळली. धाप, धाप, धाप. एकेचाळीस नोंदी. वेळ होती, पाण्याचं तापमान होतं. जागेचा रकाना नव्हता.

"मावशी, आजोबा तोंड उघडून उभे राहतात ते कुठं?"

"तेच तर सांगतेय. सावली इथंच येते, थांबते, जायचं नाव घेत नाही. मला वाटलं, म्हातारं माणूस, कशाला आलो ते विसरलं असेल."

ती धाप नव्हतीच. दुकान हललं होतं आणि गिऱ्हाईक जुन्या पत्त्यावर तोंड उघडून वाट बघत होतं. लहान मासे भटकत भटकत नव्या कोपऱ्यात पोचले होते, या म्हाताऱ्याची सवय मोडत नव्हती. आणि मी ते सुवाच्य अक्षरात आजार म्हणून लिहून ठेवलं होतं.

साहेबांना फोन केला तेव्हा चूक माझी आहे, हे मी आधी सांगून टाकलं. ते म्हणाले, सोमवारपर्यंत काय करायचं ते कर. पाणबुड्याने सूट चढवता चढवता विचारलं, घरचं कपाटही मी असंच फिरवते का. पण दगडाची नेमकी जागा त्यालाही आठवेना. तेव्हा मावशींनी नुकत्याच पुसलेल्या काचेवर तळवा टेकवला.

"चालत्या पोरांची नाकं इथं खाली, कडेवरच्यांची इथं वर. या दोन्हींच्या मधे."

आतून पाणबुड्याने तळव्यासमोर दगड ठेवला.

रविवारी आजोबा आले, तोंड उघडून थांबले आणि निघून गेले. बोटभर दगडाखालून बाहेरच पडला नाही. मी चार तास उभी होते. मावशींनी न विचारता स्टूल आणून दिलं.

"दुकान दोनदा हललं की दुकानदार बिथरणारच," त्या म्हणाल्या. "बसा."

सोमवारी पशुवैद्य साहेबांबरोबर आले तेव्हा आजोबा जागेवर होते. पाच मिनिटं काही झालं नाही. मग दगडाखालून बोटभर निघाला, वरखाली डुलला, आजोबांच्या ओठाला टेकला आणि आत शिरला. शेपटीही दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने आजोबांचा जबडा हलकेच थरथरला. हा इशारा. बोटभर कल्ल्यातून बाहेर आला, तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं.

पशुवैद्य बराच वेळ बघत राहिले. चट्टे भरतीलच असं नाही, म्हणाले, पण पंधरा दिवस थांबू. मी वहीत नवा रकाना आखला.

ते गेल्यावर मावशींनी काचेवरची नजर न काढता विचारलं, "काय चाललंय आत?"

"तुम्हीच बघा."

त्या घुटमळल्या. फडकं खांद्यावर टाकलं, डोळ्यांभोवती दोन्ही तळव्यांचा आडोसा केला आणि वाकल्या. किती वेळ वाकून होत्या, मी मोजलं नाही. सरळ झाल्या तेव्हा पोरांच्या सगळ्या ठशांच्या वर काचेवर एक गोल, ओलसर डाग होता.

हात सवयीने खांद्याकडे गेला. तिथंच थांबला. मग त्यांनी बादली उचलली आणि पुढच्या टाकीकडे गेल्या.