चाळीस पाय आणि ओलं कुंकू

मी एक जुना प्रोसेसर आहे, मित्रांनो. चाळीस पाय आणि आठ बिटांची अक्कल, एवढाच माझा संसार. हसू नका, तुमच्या फोनमधल्या दीडशहाण्याचा मी आजोबा लागतो.

नाशिकला रंगनाथ नावाचे गृहस्थ शाळांसाठी कॉम्प्युटर जोडायचे. त्यांच्या पहिल्या कॉम्प्युटरचा मेंदू मीच. तो मोडीत निघाला, तेव्हा त्यांनी मला काळ्या स्पंजात खोचून लेकीबरोबर, कमलिनीबरोबर, दोह्याला पाठवलं. तिथल्या अल दुहैल भागातल्या तिच्या घरी मी वर्षभर खणात पडून असतो. खंडेनवमीला मात्र मल्टिमीटरशेजारी पाटावर बसतो. बरं वाटतं हो, खोटं कशाला बोलू.

दोह्यातल्या फुटबॉल वर्ल्ड कपला वर्ष उरलं होतं, तेव्हाची खंडेनवमी. सरावाच्या मैदानांना पाणी सोडणारे कंट्रोल पॅनेल कमलिनीला बनवून द्यायचे होते. त्यात बसणारा नवा प्रोसेसर जगभर कुठेच मिळेना. हमद पोर्टवर तो उतरायला अजून दहा महिने. तोवर गवत जळणार आणि ठपका तिच्यावर येणार. पूजेत तिचं लक्षच नव्हतं.

तेवढ्यात तिच्या नऊ वर्षांच्या ईश्वरीने ओल्या बोटाने माझ्या सगळ्या पायांना कुंकू फासलं.

"अगं, पायांना नाही, शॉर्ट होईल तो," म्हणत कमलिनी ब्रशने माझा एकेक पाय पुसू लागली.

"बट आई, ही इज सो स्लो. आजोबांनी ह्यालाच का पिक केलं?"

"याहून नावाजलेला एक होता गं. पण त्याला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागायचे, याला नुसते पाच व्होल्ट पुरायचे. त्याचे प्रोग्रॅमही हा चालवायचा. स्वस्त, आणि बाजारात हजर. बाबा म्हणायचे, मुलांना गणितं सोडवायचीत, रॉकेट नाही उडवायचं."

ती थांबली. ब्रश माझ्या सव्विसाव्या पायाशी अडला.

"गवताला तरी कुठे रॉकेट उडवायचंय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिने गोदामातल्या देवव्रतला फोन लावला. "ते जुने आठ-बिटी कंट्रोलर आहेत ना? सगळे बाजूला ठेव. यल्ला, चल, उद्या सकाळीच येते."

जुना माल बघून तिच्या साहेबांनी आधी नाक मुरडलं. पण महिन्याभरात त्याच कंट्रोलरांच्या जोरावर मैदानांवर पाणी सुटलं. कमलिनीने हिरव्यागार गवताचा फोटो आणून मला दाखवला. मला, मित्रांनो, खणातल्या म्हाताऱ्याला.

जुनं ते सगळंच सोनं, असं मी म्हणत नाही. पण टाकण्याआधी एकदा विचारा, याच्याने आजचं काम होईल का. आणि कुंकू लावायचंच तर पाठीला लावा. माझा सव्विसावा पाय त्या गडबडीत पुसायचा राहिला. अजून लाल आहे तो, आणि तसाच राहू दे.