पंप आणायला गेलेला माणूस

१९६६ च्या पावसाळ्यात खैरलांजीकडच्या एका लहान गावातून सात जणांनी स्वयंसेवक अग्निदलात नावं दिली. प्रशिक्षण वारासिवनीला, लागोपाठ आठ रविवार. दोन रविवार चुकले की नाव कटणार. नेमकी धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, लागली. चिखल केलेली बांधी, धानाचं शेत, कुणासाठी थांबत नाही. तिसऱ्या रविवारपर्यंत सहा जण गळाले. उरला एकटा महागू.

तो पहाटे सायकल काढायचा, सहा कोस पायडल मारायचा आणि दिवस बुडताना परतायचा. त्याची बायको गोदाबाई तेवढा दिवस त्याच्या वाट्याचंही काम ओढायची. पंप सुरू करणं, नळ्या जोडणं, तोंडाला ओलं फडकं बांधून धुरात सरपटत जाणं आणि आतल्या माणसाला ओढून बाहेर आणणं, हे सगळं तो शिकला. शिकवणारे साहेब एक गोष्ट मात्र ठासून सांगत: आग दिसली की पंपवाल्यानं आधी पंप गाठायचा, बाकीचं गाववाले बघतील. पंप वारासिवनी, खैरलांजी आणि बैहर मिळून एकच होता, आणि तो ओढायची जीपही एकच. गावात दुसरं कुणी शिकलेलंच नसेल तर काय करायचं, असं महागूनं एकदा विचारलं होतं. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी माणसं आणा.

पुढच्या चैतात, भर दुपारी, गावाच्या खालच्या टोकाला तनशीच्या, धानाच्या पेंढ्याच्या, एका ढिगाला आग लागली. वारा उलट्या दिशेला होता, घरं लांब होती. माणसं घागरी घेऊन धावली. महागूनं सायकल उचलली.

वारासिवनीत पंप जागेवर होता. जीप नव्हती. बैहरकडे जंगलात वणवा लागला होता, जीप सकाळीच माणसं घेऊन तिकडं गेलेली. महागू राइस मिलवर गेला, तिथल्या ट्रकवाल्याला हात जोडले. मालकाला विचारल्याशिवाय ट्रक हलत नव्हता आणि मालक जेवून झोपला होता. मालक उठला, हो म्हणाला, मग महागूनं पंप दोरानं ट्रकमागं बांधला. गावात पोचायला चार वाजून गेले. वारा केव्हाच फिरला होता. अकरा घरं जळून बसली होती. पंप सुरू केला तेव्हा विझवायला फक्त लाकडं उरली होती.

महागूच्या शेजारच्या घरातली म्हातारी जिजाबाई आत अडकून वारली होती. तिला उठता येत नसे. तिचा मुलगा प्रेमलाल दोनदा दारात शिरला आणि दोन्ही वेळा धुरानं गुदमरून बाहेर पडला. कसं शिरायचं ते गावात एकालाच माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी महागू प्रेमलालकडे बसायला गेला. प्रेमलाल हळूच म्हणाला, "माय आवाज देऊन राह्यलती. मले नाही. तुले."

महागूला सांगायचं होतं की मी निघालो तवा तुमचं घर पार सुरक्षित होतं. ते खरंही होतं. पण तो तसाच उठून आला, आणि त्यानंतर त्या दोन घरांत विस्तवाचीही देवाणघेवाण राहिली नाही.

आषाढात दलाचं पत्र आलं. जीप नसतानाही पंप जागेवर पोचवल्याबद्दल महागूचं कौतुक केलं होतं. खाली लिहिलं होतं की उजळणीचे चार रविवार भरले नाहीत तर नाव कमी होईल.

त्यानं ते गोदाबाईला वाचून दाखवलं. ती रोवणीसाठी पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, जुड्या बांधत होती.

"जाता का?" तिनं विचारलं.

"हौ."

"काहून?"

"नाव कटलं तं गावात शिकलेला एकबी राहत नाही."

गोदाबाईनं जुडीला गाठ मारली. "होता तवा काय झालं?"

रविवारी महागू निघालाच. या वेळी पहिल्याच तासाला त्यानं साहेबांना विनंती केली की धुरात शिरायचं तेवढं तरी गावात येऊन शिकवा, दहा जणांना, एकाच दिवसात, त्याला पंप लागत नाही. साहेबांनी ऐकून घेतलं. गावात जाऊन शिकवायचा हुकूम नाही म्हणाले. मग त्याला नळी धरायला सांगितलं, आणि त्यानं ती धरली.